ड्यूक एलिंग्टन : विलंबित लयींतील प्रेम आणि प्रार्थना

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत कोणाचें चरित्र द्यावें असा प्रश्न निघाला, तेव्हां एखाद्या संताचें चरित्र आमच्या लेखणींतून उतरावें अशी मंडळींची अपेक्षा होती, व ती योग्यहि होती. तरी आम्हीं एका अमेरिकन कृष्णवर्णीय वाद्यकाराचें चरित्र निवडलें आहे. हा पुरुष कॅथलिक नव्हता. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग रात्रीच्या नृत्यगृहांत गेला. आणि त्याची कीर्ति मुख्यतः संथ लयीच्या प्रेमगीतांवर उभी आहे. असा विषय धर्मगुरूनें कां घ्यावा, याचें कारण आरंभींच सांगणें आमचें कर्तव्य आहे.

आम्ही या धर्मग्रामांत रुजू झालों त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. येथील एका वृद्ध सॅक्सोफोनवादकांची पत्नी निवर्तली. हे गृहस्थ तरुणपणीं मुंबईच्या हॉटेलांतून व पुढें लग्नाच्या बँडांतून वाजवीत असत. त्यांचें नांव येथें लिहीत नाहीं. जे ओळखतात ते ओळखतील. अंत्यविधीची मिस्सा संपल्यावर, शवपेटी उचलण्यापूर्वीं, पत्नीला प्रिय असलेली एक चाल वाजवूं द्यावी एवढीच विनंति त्यांनीं आम्हांस केली. कोणती चाल म्हणून आम्हीं विचारलें. त्यांनीं ‘सॉलिट्यूड’ हें नांव सांगितलें. ती नृत्यगृहांतील प्रेमगीताची चाल आहे एवढें आम्हांस ठाऊक होतें. त्याहून अधिक कांहीं ठाऊक नव्हतें. आम्हीं नकार दिला. ते कांहीं बोलले नाहींत. वाद्याची पेटी मिटून मागच्या बांकावर जाऊन बसले. त्या चालीचा कर्ता कोण, आणि त्याच्या आयुष्यांत तिचें स्थान कोणतें, हें आम्हीं पुष्कळ उशिरां वाचलें. जें वाचलें तें वाचकांपुढें ठेवणें हें एका परीनें आमचें ऋण फेडणें आहे.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन याचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजीं अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरीं झाला. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन तेव्हां चौतीस वर्षेंच लोटलीं होतीं, आणि काळ्या माणसास गोऱ्याच्या शेजारीं बसण्याची मोकळीक अद्याप फार थोड्या ठिकाणीं होती. वडील जेम्स एका श्रीमंत डॉक्टराच्या घरीं मुख्य सेवक होते. आई डेझी ही शांत, धर्मनिष्ठ व पियानोवर भक्तिगीतें वाजविणारी स्त्री होती. रविवारीं हा मुलगा आईबरोबर बॅप्टिस्ट देवळांत व वडिलांच्या मेथडिस्ट पंथाच्या देवळांतहि जात असे. आपल्या मुलावर देवाचा विशेष आशीर्वाद आहे, असें आईनें त्याच्या मनावर इतक्या लहानपणीं बिंबविलें कीं, तो विश्वास त्यास मरेपर्यंत सोडून गेला नाहीं.

बेसबॉलच्या खेळांत एकदां बॅटचा तडाखा बसला, तेव्हां असल्या धोक्याच्या खेळापेक्षां पियानो बरा, असें ठरवून आईनें त्यास शिकवणी लाविली. परंतु मुलाचें लक्ष लागेना. पुढें कुमारवयांत मोठ्या वादकांचीं बोटें पाहून व ऐकून तो आपल्या मनानें शिकूं लागला. सोडावॉटरच्या दुकानांत नोकरी करीत असतां त्यानें आपली पहिली रचना केली, व तिला त्या दुकानाचीच आठवण राहील असें नांव दिलें. त्याचा नीटनेटका पेहराव व ऐटदार वागणूक पाहून एका मित्रानें त्यास ‘ड्यूक’, म्हणजे सरदार, असें म्हणण्यास आरंभ केला. हें थट्टेचें नांवच पुढें जगाच्या तोंडीं बसलें. चित्रकलेंतहि त्यास गति होती. त्या शिक्षणासाठीं मिळालेली शिष्यवृत्ति त्यानें नाकारली, आणि दुकानांच्या पाट्या रंगवीत व समारंभांत पियानो वाजवीत तो पोट भरूं लागला. आपणांकडे कोणी नाचाची पार्टी ठरविण्यास आला कीं पाटी रंगविण्याचें कामहि मागावें, व पाटी मागण्यास आला कीं संगीताची चौकशी करावी, अशी त्याची युक्ति असे. रंगांची ही आवड वायां गेली नाहीं. त्याच्या कित्येक रचनांच्या नांवांत रंग आढळतात, आणि वाद्यांचे आवाज तो चित्रकारासारखे एकमेकांत मिसळीत असे.

१९१८ सालीं त्यानें एडना टॉम्प्सन हिच्याशीं विवाह केला, व १९१९ सालीं त्यांना मर्सर नांवाचा मुलगा झाला. १९२३ सालीं तो न्यूयॉर्क येथें आला. १९२७ च्या डिसेंबरांत तेथील हार्लेम भागांतल्या कॉटन क्लब या नामांकित नृत्यगृहांत त्याच्या वाद्यवृंदास काम मिळालें. या गृहाची रीत ऐकून मन विषण्ण होतें. वाजविणारे, गाणारे व नाचणारे सर्व काळे. परंतु प्रेक्षक म्हणून आंत प्रवेश केवळ गोऱ्यांना. ज्या भिंतींमध्यें एलिंग्टनच्या संगीतास टाळ्या पडत, त्याच भिंतींच्या आंत त्याचे स्वतःचे शेजारी पाहुणे म्हणून येऊं शकत नव्हते. तथापि तेथून रेडिओवर होणाऱ्या प्रक्षेपणांनीं त्याचें नांव देशभर गेलें.

जॅझ हा शब्द कानीं पडतांच आमच्यापैकीं अनेकांच्या डोळ्यांपुढें ढोल, कर्णे व गोंगाट उभा राहतो. एलिंग्टनच्या वाद्यवृंदांत वेगवान व उसळत्या रचना पुष्कळ होत्या, हें खरें. परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य संथ रचनांत दिसतें. आपल्याकडे विलंबित लयीचें मर्म रसिकांस ठाऊक आहे. द्रुत लयींत गायक आपलें कौशल्य दाखवितो. विलंबितांत त्यास लपावयास जागा राहत नाहीं. स्वर लांबला म्हणजे तो खरा आहे कीं खोटा हें तत्काळ कळतें. प्रेमाचेंहि असेंच नाहीं काय? उत्साहाच्या भरांत सर्वच प्रेम खरें वाटतें. दिवस संथ झाले म्हणजे त्याची पारख होते.

१९३० च्या ऑक्टोबरांत ध्वनिमुद्रित झालेली ‘मूड इंडिगो’ ही रचना या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. त्या काळच्या रूढ पद्धतींत क्लॅरिनेट सर्वांत उंच स्वरांत वाजे, ट्रम्पेट मध्यें व ट्रॉम्बोन खालीं. एलिंग्टननें ही उतरंड उलटी केली. ट्रम्पेट व ट्रॉम्बोन यांच्या तोंडाशीं स्वर दाबणारें झांकण लावून त्यानें त्यांना वर, एकमेकांस अगदीं चिकटून ठेविलें, आणि क्लॅरिनेटला तळाच्या गंभीर स्वरांत उतरविलें. तीन सामान्य वाद्यांपासून पूर्वीं कोणी न ऐकलेला एक चवथाच आवाज निर्माण झाला. जणूं दूरच्या खोलींत कोणी हळूं आवाजांत आपलें दुःख सांगत आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीनच मिनिटें संगीत मावत असे. एवढ्या अवधींत एक संपूर्ण मनःस्थिति उभी करणें ही गोष्ट सोपी नव्हे.

पुढील आठ वर्षांत त्याच्या प्रसिद्ध प्रेमगीतांची मालिकाच बाहेर पडली. १९३३ च्या ‘सोफिस्टिकेटेड लेडी’मागें, त्याच्याच सांगण्याप्रमाणें, त्याच्या शाळेंतील शिक्षिकांची आठवण होती. हिंवाळाभर शिकवून उन्हाळ्यांत युरोपचा प्रवास करणाऱ्या त्या सुसंस्कृत स्त्रिया त्या बालकास विलक्षण वाटत असत. १९३५ च्या ‘इन ए सेंटिमेंटल मूड’ची कथा तो अशी सांगे : डरहॅम नांवाच्या गांवीं एका मेजवानींत त्याच्या मित्रावरून दोन तरुणींत भांडण जुंपलें, तेव्हां तो पियानोशीं बसला, एकीस या बाजूस व दुसरीस त्या बाजूस बसविलें, आणि दोघींचा राग उतरावा म्हणून जागच्या जागीं ही चाल रचिली. १९३८ च्या ‘प्रिल्यूड टु अ किस’ या रचनेंत स्वर अर्ध्याअर्ध्या पायरीनें खालीं उतरत येतात. ऐकणारास पायांखालची जमीन हळूंहळूं निसटत आहे असा भास होतो.

आणि ‘सॉलिट्यूड’, म्हणजे एकांत. ही चाल १९३४ सालची. ध्वनिमुद्रणासाठीं मंडळी जमली असतां एक रचना कमी पडली, आणि पाळी येण्याची वाट पाहत भिंतीस टेकून उभ्याउभ्यां त्यानें ती वीस मिनिटांत लिहून काढली, असें तो सांगत असे. तींत चमत्कृति कांहीं नाहीं. लांब ओढलेले थोडेसे स्वर, त्यांच्यामध्यें पुरेशी शांतता, व गेलेल्या माणसाची आठवण. आपल्या जुन्या काव्यशास्त्रानें शृंगाराचे दोन भेद केले आहेत : मीलनाचा संभोगशृंगार, व विरहाचा विप्रलंभ. एलिंग्टनचीं उत्तम प्रेमगीतें बहुधा दुसऱ्या प्रकारचीं आहेत. म्हणूनच तीं ऐकतांना तरुणांइतकेच, किंबहुना अधिकच, वृद्ध लोक स्तब्ध होतात. प्राप्तीच्या आनंदास शब्द पुरतात. अभावास सूर लागतो.

या संगीताच्या मोहिनीचें आणखी एक कारण आहे. एलिंग्टन सॅक्सोफोनसाठीं किंवा ट्रम्पेटसाठीं लिहीत नसे. तो त्या त्या माणसासाठीं लिहीत असे. जॉनी हॉजेस हा १९२८ सालीं त्याच्या वृंदांत आला. आल्टो सॅक्सोफोनवर एका स्वरावरून दुसऱ्यावर तो असा घसरत जाई कीं, ऐकणारास वाद्याचा विसर पडून मनुष्यकंठाचा भास होई. हॅरी कार्नी हा १९२७ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, आपला जाड बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन त्याच्याजवळ बसला. कोणाचा श्वास किती पुरतो, कोणाचा कोणता स्वर किंचित् कंप पावतो, कोण उदास आहे, हें सर्व एलिंग्टनला ठाऊक असे, व तें लक्षांत घेऊन तो स्वरांची वांटणी करी. धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या आमच्यासारख्यास यांत मोठा धडा आहे. माणसांस ठराविक जागीं बसविणें सोपें असतें. माणूस पाहून जागा तयार करणें कठीण.

१९३८ च्या डिसेंबरांत त्यास असा एक सहकारी भेटला कीं, पुढें दोघांच्या रचनांत कोणती कोणाची हें सांगणें अवघड होऊन बसलें. बिली स्ट्रेहॉर्न हा तेवीस वर्षांचा, लहान चणीचा, संकोची व अत्यंत सुशिक्षित मनाचा तरुण होता. एलिंग्टनच्या वृंदाचें जणूं ओळखपत्र झालेली ‘टेक द ए ट्रेन’ ही चाल स्ट्रेहॉर्नची आहे. ‘चेल्सी ब्रिज’ ही धुक्यासारखी संथ रचनाहि त्याचीच. प्रसिद्धीचा प्रकाश एलिंग्टनवर पडे, स्ट्रेहॉर्न छायेंत राही. १९६७ सालीं कर्करोगानें रुग्णालयांत पडला असतांहि तो वृंदासाठीं लिहीत होता, आणि त्याची अखेरची संथ रचना तेथूनच आली. त्याच्या मृत्यूनंतर एलिंग्टननें त्याच्या रचनांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. वडील कलावंतानें धाकट्याचें श्राद्ध सुरांनीं केलें, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां त्याच्या उणिवांविषयीं. संतचरित्रांत दोष झांकण्याची आमची संवय आहे, ती येथें उपयोगीं नाहीं. एलिंग्टनचा संसार टिकला नाहीं. एडनापासून तो कांहीं वर्षांतच वेगळा झाला. घटस्फोट त्यानें कधीं घेतला नाहीं. परंतु पत्नी जिवंत असतां इतर स्त्रियांबरोबर तो राहिला, आणि त्यांच्याशींहि तो एकनिष्ठ नव्हता. ज्याच्या सुरांवर हजारों जोडप्यांनीं एकमेकांचा हात धरिला, त्यास स्वतःस एक घर धरून ठेवतां आलें नाहीं. विवाहसंस्काराविषयीं ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे हें आम्ही जाणतों, व या बाबतींत त्यास अनुकरणीय म्हणणार नाहीं. तथापि एक विचार मनांत येतो. तहानेचें वर्णन तहानलेलाच खरें करूं शकतो. त्याच्या विरहगीतांतील दुःख उसनें नव्हतें.

त्याच्या निष्ठेचें एक अढळ स्थान होतें, आणि तें म्हणजे आई. १९३५ सालीं डेझी वारली, तेव्हां तो खचून गेला. बायबलाचें वाचन व प्रार्थना यांनीं त्यास सांवरलें. त्याच वर्षीं त्यानें ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ ही जवळ जवळ तेरा मिनिटांची रचना केली. ती तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरली होती. नृत्यास निरुपयोगी म्हणून पुष्कळांनीं तिला नांवें ठेवलीं; परंतु ती नाचण्यासाठीं लिहिलेलीच नव्हती.

अपमान त्याच्या वांट्यास अखंड आले. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांस हॉटेलांत जागा मिळत नसे. म्हणून त्यानें आगगाडीचे खास डबे भाड्यानें घेतले, आणि त्याचे वादक त्यांतच जेवूं-झोपूं लागले. ज्या गांवांत त्यांना भाकरीचा तुकडा टेबलाशीं बसून खातां येत नसे, त्याच गांवांत ते रात्रीं लोकांना प्रेमाचे सूर ऐकवीत. २३ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें त्यानें आपल्या लोकांचा इतिहास सांगणारी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही प्रदीर्घ रचना सादर केली. टीकाकारांनीं तिला बरें म्हटलें नाहीं, व तो मनांतून दुखावला. पण तिच्यांतील ‘कम संडे’ हा भाग अमर झाला. गोऱ्यांच्या देवळाबाहेर उभे राहून आंतील भजन ऐकणाऱ्या गुलामांची ती प्रार्थना आहे, आणि आरंभीं ती जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनवरच अवतरली. प्रेमगीतें वाजविणारें तेंच वाद्य, तीच संथ लय, तोच श्वास. केवळ जिला आळवावयाचें ती व्यक्ति बदलली. १९५८ सालीं महालिया जॅक्सन या श्रेष्ठ भक्तिगायिकेनें तें गीत त्याच्याच वृंदाबरोबर गायिलें.

युद्धानंतर मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस संपले. एकामागून एक वृंद मोडले. एलिंग्टनचा वृंद टिकला याचें कारण व्यवहारी आहे : आपल्या जुन्या गीतांपासून मिळणारें मानधन तो वादकांच्या पगारांत घालीत असे. जीं प्रेमगीतें त्यानें तरुणपणीं लिहिलीं, त्यांनींच उतारवयांत त्याच्या माणसांच्या घरच्या चुली पेटत ठेविल्या.

७ जुलै १९५६ रोजीं न्यूपोर्ट येथील उत्सवांत त्याचें भाग्य पुन्हां उजळलें, तें एका अशा वादकामुळें ज्याचें आडनांव आपणांस परकें वाटणार नाहीं. पॉल गोन्साल्विस हा टेनर सॅक्सोफोनवादक केप व्हर्द बेटांहून आलेल्या कुटुंबांतला. तीं बेटें तेव्हां पोर्तुगीज अंमलाखालीं होतीं, आणि म्हणून आपल्या वसईच्या कित्येक घरांवर आढळणारें आडनांव अमेरिकेंतील त्या कृष्णवर्णीय वादकाजवळहि होतें. त्या रात्रीं त्यानें एका चालीचीं सत्तावीस आवर्तनें सलग वाजविलीं, व सारा समाज उभा राहिला. परंतु संथ प्रेमगीतेंहि तो फार हळुवारपणें वाजवीत असे, हें जाणकार आवर्जून सांगतात.

आपल्या देशाशीं एलिंग्टनचा संबंध १९६३ सालीं आला. अमेरिकन सरकारनें त्याच्या वृंदास पूर्वेकडील देशांत पाठविलें, व त्या दौऱ्यांत ही मंडळी दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथें येऊन गेली. दिल्लींत एलिंग्टन आजारी पडला, आणि वृंदास कांहीं काळ त्याच्यावांचून वाजवावें लागलें. पुढें अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळें हा दौरा तुर्कस्तानांतच थांबला. या प्रवासांतून एलिंग्टन व स्ट्रेहॉर्न यांनीं एक रचनामाला केली. तिच्यांत दिल्लीच्या साळुंकीवर एक रचना आहे, आग्र्याच्या ताजमहालास उद्देशून कार्नीनें वाजविलेली एक आहे, आणि हॉजेसनें वाजविलेली ‘इस्फहान’ ही तर संथ प्रेमसंगीताचा नमुनाच मानिली जाते.

मुंबईस हें संगीत नवीन नव्हतें. १९३० नंतरच्या दशकांत टेडी वेदरफर्ड यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलांत वाजवीत, व गोमंतकीय वादक त्यांच्या खांद्यास खांदा लावून बसत. या गोमंतकीयांस स्वरलिपि कोठें मिळाली? गोव्याच्या धर्मग्रामशाळांत, देवळाच्या गायनवृंदासाठीं शिकविणाऱ्या मेस्त्रांपाशीं. तेच लोक पुढें चित्रपटसृष्टींत गेले. चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेले आंतोनियो वाझ यांनीं सी. रामचंद्रांबरोबर काम केलें. अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा यांनीं कित्येक गीतांस वाद्यवृंदाचा साज चढविला. आपण आजीआजोबांच्या वेळचें एखादें संथ प्रेमगीत ऐकतों, त्यामागचे व्हायोलिन व सॅक्सोफोन पुष्कळदां अशा हातांनीं वाजविलेले असतात, ज्यांनीं पहिला स्वर मिस्सेसाठीं गिरविला होता.

१९६५ सालीं एलिंग्टनला पुलित्झर पारितोषिकाचा खास सन्मान द्यावा अशी संगीत-परीक्षकांनीं शिफारस केली. वरिष्ठ मंडळानें ती फेटाळली. तेव्हां तो सहासष्ट वर्षांचा होता. फार तरुणपणीं आपण फार प्रसिद्ध होऊं नये अशी दैवाची इच्छा दिसते, अशा अर्थाची थट्टा करून त्यानें तो विषय संपविला. हा सन्मान त्यास मिळाला तो १९९९ सालीं, मरणानंतर पंचवीस वर्षांनीं.

परंतु त्याच १९६५ च्या सप्टेंबरांत त्याच्या आयुष्यांतील, त्याच्या मतें, सर्वांत महत्त्वाचें कार्य सुरू झालें. सॅनफ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रल या अँग्लिकन परंपरेच्या मंदिरांत त्यानें आपली पहिली पवित्र संगीतसभा सादर केली. दुसरी १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन मंदिरांत झाली. १९६९ सालीं पॅरिसचें सें-सुल्पीस व बार्सिलोनाचें सांता मारिया देल मार या दोन कॅथलिक मंदिरांतहि हें संगीत निनादलें. सर्वांना तें रुचलें नाहीं. १९६६ सालीं त्याच्या जन्मगांवींच बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांच्या परिषदेनें, नृत्यगृहांत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या असल्या कार्यक्रमास पाठिंबा देण्याचें नाकारलें. ही बातमी वाचली तेव्हां आम्हांस आमचाच नकार आठवला.

या प्रश्नाची दुसरी बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं पियानो व गोंगाटी वाद्यें देवळांत वर्ज्य केलीं, तीं उपासनेची गंभीरता राखण्यासाठीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें डिसेंबर १९६३ मध्यें, म्हणजे एलिंग्टन आपल्या देशांत येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनीं, इतर वाद्यांस वाट मोकळी केली. परंतु तीं पवित्र कार्यास शोभणारीं असावींत ही अट ठेविली. मिस्सा ही मिस्सा आहे, व तिचें संगीत तिच्यासाठींच असावें, हें आमचें मत आजहि कायम आहे. एलिंग्टननें देखील मिस्सा रचिली नाहीं. आपल्याजवळ जें होतें तें घेऊन तो देवाच्या दारीं गेला. तीच लेखणी, तेच वादक, तेच सूर. बायबलांत स्तोत्रसंहितेपासून फार दूर नसलेल्या पानांवर गीतरत्न हें प्रेमकाव्यहि आहे, आणि तें तेथें चुकून आलेलें नाहीं.

तिसरी पवित्र संगीतसभा २४ ऑक्टोबर १९७३ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबींत झाली. फुप्फुसाच्या कर्करोगानें तो तेव्हां ग्रासला होता. १५ मे १९७४ रोजीं पॉल गोन्साल्विस लंडन येथें वारला. एलिंग्टनची प्रकृति पाहून मुलगा मर्सर यानें ती बातमी त्यास कळूं दिली नाहीं. २४ मे १९७४ रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, ड्यूक एलिंग्टननें न्यूयॉर्क येथें देह ठेविला. हजाराहून अधिक रचना त्यानें मागें ठेविल्या.

२७ मे रोजीं सेंट जॉन द डिव्हाइन मंदिरांत त्याचा अंत्यविधि झाला. बारा हजारांहून अधिक लोक जमले होते. त्या मंदिरांत, त्याच्या शवपेटीसमोर, एला फिट्झजेराल्ड ही विख्यात गायिका उभी राहिली व तिनें एक भक्तिगीत गायिलें. आणि त्याबरोबर एक जुनें प्रेमगीतहि गायिलें. तें गीत ‘सॉलिट्यूड’ होतें.

वाचकहो, हें वाचलें तेव्हां आम्ही बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलों. आमचे ते वृद्ध वादक आम्हांस नियम मोडावयास सांगत नव्हते. मिस्सा संपली होती. एकांतांत उरलेल्या माणसास आपला एकांत देवासमोर मांडावयाचा होता, आणि त्यासाठीं त्यांच्याजवळ पन्नास वर्षांपासून ओठांस लागलेलें तेवढें एकच साधन होतें. आम्हीं चालीचें नांव ऐकलें. माणूस ऐकला नाहीं. त्यांची क्षमा मागण्याचें आमच्या मनांत आलें तेव्हां ते या जगांत राहिले नव्हते. आतां ते पत्नीच्या शेजारीं, आपल्याच दफनभूमींत विसांवले आहेत.

त्यांचा सॅक्सोफोन त्यांच्या पुतण्यापाशीं आहे, व तो वाजवितोहि. महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळीं, दफनभूमीवरील प्रार्थना आटोपल्यावर, तेथेंच फाटकाजवळ त्यानें ती चाल एकदां वाजवावी अशी विनंति आम्हीं त्यास केली आहे. त्यानें होकार दिला आहे. चाल संथ आहे व सुमारें तीन मिनिटांची आहे. तेवढा वेळ कोणी घाई करूं नये एवढीच मंडळींस प्रार्थना.